अमेरिकेतल्या विद्यापीठात जाताय? खातं, ड्युओ हे लॉगिनचं अॅप, वायफाय आणि फसवे फोन यांची आधीच सोय लावा

विद्यापीठाच्या आयटी हेल्प डेस्कवर मी तीन सेमिस्टर काम केलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात काउंटरसमोर रांग लागायची आणि तिच्यातलं आपलं माणूस मला लांबूनच ओळखू यायचं. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात आय-२० च्या (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदाच्या) चार झेरॉक्स, आणि फोनच्या कव्हरमध्ये सेलोटेपने चिकटवलेलं भारतातलं सिम. हसण्यासारखं काही नाही. वर्षभर आधी तसंच फोल्डर घेऊन त्याच रांगेत मीही उभी होते.

तक्रारी फिरून फिरून त्याच. फोन बदलला आणि आता लॉगिन होईना. पासवर्ड बदलला आणि वायफाय गेलं. बँकेचा ओटीपी कराडला आईजवळ ठेवलेल्या फोनवर येतो, आणि तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. यातली निम्मी कामं विमानात बसण्याआधी, घरच्या टेबलावर, एका संध्याकाळी उरकतात. कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

माझं विद्यापीठ मिडवेस्टमधलं, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या उत्तर पट्ट्यातलं. नावं जागोजागी बदलतात, व्यवस्था साधारण तीच असते. लॉगिनच्या नावाला इलिनॉयमध्ये नेटआयडी म्हणतात, मिशिगनमध्ये युनिकनेम, कार्नेगी मेलनमध्ये अँड्र्यू आयडी, अॅरिझोना स्टेटमध्ये असुराइट. मी सरसकट ‘विद्यापीठाचं खातं’ म्हणेन. फी, मार्क, मेल, वायफाय, लायब्ररी, कॅम्पसवर नोकरी मिळाली तर पगारसुद्धा, सगळं या एकाच खात्यावर टांगलेलं असतं. आजीच्या कमरेला असायचा तसा किल्ल्यांचा जुडगा आहे तो.

निघण्याआधी हाताशी हवं

- पासपोर्ट, आय-२० आणि प्रवेशपत्र: पीडीएफ आणि प्रत्येकाची एक कागदी प्रत
- विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी क्रमांक (प्रवेशाच्या मेलमध्ये असतो)
- फक्त तुमच्याच ताब्यात असलेला एक खाजगी ईमेल
- कोणत्याही कंपनीचं सिम चालेल असा फोन
- दुसरं एखादं उपकरण: जुना फोन किंवा टॅबलेट. टाकून देऊ नका, पुढे लागणार आहे
- लॅपटॉप, त्याचे सगळे अपडेट घरीच करून
- एक छोटी कागदी वही. खरंच

## १. खातं कन्सल्टंटकडून स्वतःच्या ताब्यात घ्या

माझा अर्ज आमच्या भागातल्या एका कन्सल्टंटने भरला. त्यांनी अर्जासाठी नवा जीमेल उघडला, रिकव्हरीला स्वतःचा मोबाइल दिला आणि पासवर्ड ठेवला माझं नाव, पुढे एक-दोन-तीन. त्यांच्याकडच्या प्रत्येक मुलाचा पासवर्ड याच साच्यातला होता. प्रवेश मिळाला, पेढे वाटून झाले, आणि खातं सुरू करण्याची लिंक त्या जीमेलवर येऊन पडली. मला ती बारा दिवसांनी कळली. तोवर लिंकची मुदत संपलेली होती.

त्या गृहस्थांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण ज्याच्याकडे तुमचा मेल त्याच्याकडे तुमची फी, तुमचा पत्ता आणि तुमच्या आय-२० चा तपशील. त्यामुळे या क्रमाने करा:

- त्या जीमेलचा पासवर्ड बदला. रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल स्वतःचे टाका. इतर कोणत्या उपकरणांवर ते खातं उघडं आहे ते सेटिंगमध्ये दिसतं, तिथून सगळ्यांना बाहेर काढा.
- प्रवेशाच्या पोर्टलवर जाऊन संपर्काचा ईमेल तुमचा खाजगी ईमेल करा.
- मग विद्यापीठाचं खातं सुरू करा. काही ठिकाणी लॉगिनचं नाव स्वतः निवडायला मिळतं आणि ते बहुधा कायमचं असतं. कॉलेजातलं टोपणनाव तिथे घालू नका. प्राध्यापकांच्या इनबॉक्समध्ये तेच दिसणार आहे.

लिंक मेली असेल तर हेल्प डेस्कला फोन करा. इलिनॉय किंवा टेक्सासची वेळ ऑगस्टमध्ये आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. जेवायच्या आधी काम होतं.

नावाची एक भानगड आपल्याकडे हमखास होते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’चा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पहिलं नाव ‘एफएनयू’ असं येतं, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. मग वर्गाच्या यादीत, मेलमध्ये, कॅनव्हास या अभ्यासाच्या ऑनलाइन पोर्टलवर तुम्ही ‘एफएनयू’ म्हणून वावरता आणि प्राध्यापक हाजरीला ‘फ्नू?’ म्हणतात. ज्यांचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही त्या रकान्यात आहे त्यांना लोक वडिलांच्या नावाने हाक मारू लागतात, तेही पाहिलंय. बहुतेक विद्यापीठांत ‘प्रिफर्ड नेम’ची सोय असते. सरकारी कागदावरचं नाव तसंच राहतं, पडद्यावर दिसणारं बदलतं. पहिल्याच दिवशी भरा.

## २. भारतातला नंबर जिवंत ठेवा

बँक, आधार, डीमॅट, व्हॉट्सअॅप, सगळं जुन्या नंबरला बांधलेलं. तो बंद पडला की इकडून सोडवणं फार कठीण जातं, कारण नवं सिम घ्यायला तुम्ही स्वतः तिथे नसता.

निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. परदेशी डेटाचा महागडा पॅक नको, एसएमएस यावेत इतपत पुरे. वैधता टिकवणारं रिचार्ज कोण करणार ते घरी ठरवा आणि बाबांच्या कॅलेंडरवर तारीख लिहा. नंबर महिनोन्‌महिने वापरातच नसेल तर कंपनी तो काढून घेऊन दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमच्या बँकेचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो.

आता सगळ्यात मोठी ठोकर. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ व्या मालिकेपासून सिमचा कप्पाच ठेवत नाहीत, फक्त ई-सिम चालतं. ‘तिकडे स्वस्त मिळतो’ म्हणून पोरं पहिल्या महिन्यात आयफोन घेतात, जुना फोन विकून टाकतात आणि मग हातात सिम घेऊन आमच्याकडे येतात. आमच्याकडे त्यावर काही उपाय नसायचा. तसा बेत असेल तर भारतातलं सिम भारतात असतानाच ई-सिम करून घ्या. सिम बदललं की सुरक्षेसाठी साधारण एक दिवस एसएमएस बंद राहतात, त्यामुळे हे काम निघायच्या आदल्या रात्री करू नका. फॉरेक्स कार्डाचा ओटीपी नेमका तेव्हाच लागतो.

ई-सिम जमत नसेल तर जुना फोन भारतीय सिमसकट ड्रॉवरमध्ये चार्जरला लावून ठेवा. माझा दोन वर्षं तसाच होता. व्हॉट्सअॅपचा नंबर बदलायची घाई करू नका. अमेरिकन नंबर घेतला तरी व्हॉट्सअॅप जुन्यावर चालू राहतं.

## ३. ड्युओ दोन ठिकाणी बसवा

पासवर्ड टाकल्यावर फोनवर ‘तुम्हीच आहात का?’ असं विचारणारं ते हिरवं अॅप. बऱ्याच विद्यापीठांत ड्युओ आहे, काही ठिकाणी मायक्रोसॉफ्टचं किंवा ऑक्टाचं. ड्युओ २०१० मध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावातच सुरू झालं आणि २०१८ मध्ये सिस्कोने ते २३५ कोटी डॉलरना घेतलं. माझ्या काउंटरवरच्या निम्म्या रांगेचं कारण हेच अॅप होतं.

लोक काय करतात? भारतात असताना खातं सुरू करतात आणि ड्युओला भारतीय मोबाइल नंबर देतात: ‘एसएमएस पाठवा’. अमेरिकेत उतरल्यावर तो एसएमएस कधी दहा मिनिटांनी येतो, कधी येतच नाही. पहिली क्विझ रात्री ११:५९ ला बंद होणार असते.

बरोबर पद्धत अशी:

- नंबर देण्याऐवजी अॅप बसवा. अॅपला फोन नंबरशी देणंघेणं नसतं, सिम बदललं तरी चालतं. अॅपमधला सहा आकडी कोड इंटरनेटशिवायही मिळतो, विमानातसुद्धा.
- त्याच दिवशी दुसरं उपकरण जोडा. जुना फोन, टॅबलेट, काहीही. याचसाठी वर ‘टाकून देऊ नका’ म्हटलं.
- विद्यापीठ राखीव कोड देत असेल तर ते वहीत लिहा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि मग तोच फोन तळ्यात पाडायचा, असं करणारा मुलगा मला भेटलाय.
- नवा फोन घेतलात तर आधी त्यावर ड्युओ जोडा, चालतंय ते बघा, मगच जुना पुसा किंवा विका. हा क्रम उलटा झाला की आयकार्ड घेऊन प्रत्यक्ष हेल्प डेस्कला जावं लागतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो बंद झालेला असतो.

आता गंभीर गोष्ट. तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर ड्युओ वाजला तर त्याचा अर्थ एकच: तुमचा पासवर्ड कोणाकडे तरी गेलाय. ‘डिनाय’ दाबा आणि लगेच पासवर्ड बदला. चोर रात्री अडीचला वीस वेळा वाजवतात, माणूस वैतागून झोपेत ‘अप्रूव्ह’ दाबतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उबर कंपनीत चोर याच वाटेने शिरला. एका कंत्राटी कर्मचाऱ्याला लागोपाठ सूचना येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. म्हणून आता बऱ्याच विद्यापीठांत पडद्यावर दिसणारा आकडा अॅपमध्ये टाकावा लागतो. त्यावरही उपाय काढलाय चोरांनी: ‘मी हेल्प डेस्कमधून बोलतोय, तुमच्या ड्युओवरचा आकडा सांगा.’ हेल्प डेस्कवर तीन सेमिस्टर बसलेली मी सांगते, आम्ही तो आकडा फोन करून मागत नाही आणि पासवर्ड तर कधीच विचारत नाही.

## ४. वायफाय: एड्युरोम एकदाच, पण नीट

कॅम्पसचं स्वतःचं नेटवर्क असतं, जसं इलिनॉयमध्ये इलिनॉयनेट. त्याच्या जोडीला एड्युरोम असतं, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांचं सामायिक वायफाय. याची सुरुवात नेदरलँड्समधून झाली, आता ते शंभरावर देशांत आहे आणि भारतात एर्नेट ही संस्था ते चालवते. फायदा असा की परिषदेसाठी दुसऱ्या विद्यापीठात गेलात की फोन खिशातल्या खिशात जोडला जातो, कोणाकडे पासवर्ड मागायचा नाही.

जोडताना दोन चुका होतात. पहिली, नुसतं लॉगिनचं नाव टाकणं. एड्युरोमला पूर्ण पत्ता लागतो, ‘अॅट’ आणि विद्यापीठाचं डॉट ईडीयू सकट, कारण तुम्ही कुठल्या विद्यापीठाचे हे त्यावरूनच त्याला कळतं. दुसरी चूक जास्त वाईट: नेटवर्क खरं आहे हे दाखवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल फोन विचारतो तेव्हा ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवडून मोकळं होणं. तसं केलं की ‘एड्युरोम’ नाव लावून कोणीही उभ्या केलेल्या नकली नेटवर्कला तुमचा फोन पासवर्ड द्यायला तयार होतो. विद्यापीठाच्या आयटी पानावर सेटिंग आपोआप करून देणारी फाइल किंवा अॅप असतं, तेच वापरा. ते घरूनच उतरवून ठेवता येतं.

पासवर्ड बदललात तर फोन, लॅपटॉप, टॅबलेट या सगळ्यांवरचं जुनं वायफाय ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा. नाहीतर बॅगेतला टॅबलेट जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहतो आणि तुमचं खातंच कुलूपबंद होतं. ‘मी काहीच केलं नाही हो’ म्हणत आलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या बॅगेत असा टॅबलेट निघायचा.

फायर स्टिक, अलेक्सा, गेमचा बॉक्स यांना अशा नेटवर्कवर लॉगिन करता येत नाही. त्यांची नोंद मॅक पत्त्याने (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क क्रमांकाने) वेगळ्या पानावर करायची असते. फोनची तशी नोंद केलीत तर त्या नेटवर्कपुरता ‘प्रायव्हेट अॅड्रेस’ बंद करा, नाहीतर फोन पत्ता बदलेल आणि नोंद फुकट जाईल. डॉर्ममध्ये स्वतःचा राउटर लावू नका. बऱ्याच ठिकाणी मनाई असते, आणि चुकीचं भोक जोडलं गेलं तर आख्ख्या मजल्याचं इंटरनेट जातं.

## ५. विद्यापीठाचा मेल रोज बघा

आपल्याकडे कामाचं सगळं व्हॉट्सअॅपवर येतं. इथे फीची तारीख, विम्याची सूट, व्हिसाच्या नोंदीचा इशारा, सगळं मेलवर येतं आणि ‘मी पाहिला नाही’ हे कारण चालत नाही. फोनवर मेलचं अॅप टाका. जीमेलकडे वळवून ठेवण्यापेक्षा मूळ खातंच जोडा. वळवलेला मेल स्पॅममध्ये पडला तर पत्ता लागत नाही. घर बदललंत तर दहा दिवसांच्या आत नवा पत्ता विद्यापीठाला कळवणं व्हिसाच्या नियमात बसतं, तेही याच पोर्टलवर होतं.

## ६. आई-बाबांना पासवर्ड नको, वेगळं खातं द्या

फी बाबा भरणार, म्हणून आपण त्यांना पासवर्ड देतो. ते तो घरच्या ग्रुपवर ‘सेव्ह करून ठेवा’ म्हणून टाकतात. मामाही त्या ग्रुपवर असतो. मग एके रात्री बाबा लॉगिन करतात, ड्युओ तुमच्या फोनवर वाजतो, तुम्ही ‘बाबाच असतील’ म्हणून मंजूर करता. सवय लागते. ही सवयच धोक्याची.

फी भरण्याच्या पानावर ‘ऑथराइज्ड युजर’ किंवा ‘ऑथराइज्ड पेयर’ अशी सोय असते. तिथे बाबांचा ईमेल टाकला की त्यांना स्वतंत्र लॉगिन मिळतं, बिल दिसतं, पैसे भरता येतात. मार्क दिसत नाहीत, हा काहींच्या दृष्टीने जादा फायदा.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. फेर्पा या १९७४ च्या कायद्यानुसार विद्यार्थ्याची माहिती विद्यापीठ त्याच्या परवानगीशिवाय पालकांना देत नाही. काकांनी कितीही रागावून फोन केला तरी उत्तर मिळणार नाही. पण नाव, ईमेल यासारखी ‘डिरेक्टरी’ माहिती तुम्ही मनाई केली नाही तर जाहीर असू शकते, आणि फसवणाऱ्यांना तुमचा पत्ता बऱ्याचदा तिथूनच मिळतो. ती लपवायची सोय पोर्टलवर असते.

## ७. फसवणूक: नव्या विद्यार्थ्यावर नेम धरलेले सापळे

इथे थोडं थांबून वाचा.

घरबसल्या नोकरीचा मेल. ‘प्राध्यापक अमुक यांना सहायक हवा, आठवड्याला काही तास, चारशे डॉलर.’ प्राध्यापकांचं नाव खरं असतं, मेल मात्र जीमेलचा. होकार दिलात की चेक येतो: खात्यात भरा, तुमचे पैसे ठेवा, उरलेले अमक्याला पाठवा. बँक एक-दोन दिवसांत पैसे दाखवते, म्हणून विश्वास बसतो. चेक खोटा असल्याचं कळायला आठवडे लागतात आणि पुढे पाठवलेली रक्कम तुमच्या खात्यातून जाते. माझ्या रूममेटचे अकराशे डॉलर असे गेले. तिने कोणाला सांगितलं नाही, मला तीन महिन्यांनी कळलं. शिवाय एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. परवानगीशिवाय बाहेरचं काम व्हिसाच्या मुळावर येतं.

‘होमलँड सिक्युरिटी’चा, म्हणजे व्हिसाची प्रकरणं बघणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या नावाचा फोन. पडद्यावर सरकारी कचेरीचा खरा नंबर दिसतो. नंबर खोटा दाखवणं सोपं आहे. ‘तुमच्या नोंदीत चूक आहे, दंड भरा, नाहीतर आजच मायदेशी रवानगी.’ दंड कशात? गिफ्ट कार्डांत. अमेरिकेचं कुठलंही सरकारी खातं दुकानातल्या गिफ्ट कार्डात दंड घेत नाही. भारतीय दूतावासाच्या नावानेही असे फोन येतात आणि दूतावासाने त्याबद्दल सावध केलेलं आहे. फोन ठेवा आणि विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला स्वतः फोन लावा. ‘फोन ठेवलात तर पोलीस येतील’ असं सांगतात तेव्हा तर नक्कीच ठेवा.

घरी जाणारा फोन. याची दुसरी बाजू कराडला, नाशिकला, परभणीला वाजते. ‘तुमच्या मुलाला पकडलंय, पैसे पाठवा,’ आणि मागे रडण्याचा आवाज. तिथे मध्यरात्र, इथे तुम्ही वर्गात, फोन सायलेंटवर. त्यासाठी घरच्यांबरोबर एक शब्द ठरवून ठेवा, बाहेरच्या कोणाला सुचणार नाही असा. आमचा शब्द आजोळच्या म्हशीचं नाव आहे. शिवाय रूममेटचा नंबर आईकडे असू द्या. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही, हे त्यांना एकदा समोर बसवून सांगा. भारतात पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा, हा नंबर फ्रिजवर चिकटवा.

फीमध्ये पाच टक्के सूट. आपल्याच भाषेत बोलणारा कोणी सांगतो, ‘तुझी फी मी भरतो, तू मला कमी दे.’ पोर्टलवर फी भरलेली दिसते, तुम्ही त्याला पैसे देता. ती चोरीच्या कार्डाने भरलेली असते. काही आठवड्यांनी व्यवहार उलटतो, फी पुन्हा बाकी, आणि तो माणूस गायब. यासाठी तो तुमचा लॉगिन मागतो, तिथेच शंका यायला हवी.

पगार वळवणं. टीए किंवा आरए (शिकवण्यातला किंवा संशोधनातला सहायक) म्हणून पगार सुरू झाला की हा सापळा येतो. फिशिंग मेलमधून, म्हणजे खोट्या लिंकच्या फसव्या मेलमधून, लॉगिन चोरतात, पगाराचं बँक खातं बदलतात, आणि मेलबॉक्समध्ये असा नियम लावून ठेवतात की ‘खातं बदललं’ ही सूचना तुम्हाला दिसायच्या आधीच पुसली जावी. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकन विद्यापीठांवर असा डल्ला मारणाऱ्या टोळीबद्दल इशारा दिला होता. मेलच्या सेटिंगमध्ये ‘रूल्स’ उघडून बघा, तुम्ही न लावलेला नियम आहे का.

आणि ज्याला आपण फसवणूक समजतच नाही ते: ‘फॉल बॅच’च्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आय-२० टाकून ‘यात सगळं बरोबर आहे का?’ विचारणं. त्यावर जन्मतारीख आणि सेव्हिस क्रमांक (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीतला तुमचा क्रमांक) असतो. वरचा ‘होमलँड सिक्युरिटी’वाला तुम्हाला तुमचाच सेव्हिस क्रमांक वाचून दाखवतो तेव्हा तो कुठून आला असेल, विचार करा.

मेलमधल्या लिंकवर पासवर्ड टाकून बसलात तर लाजू नका. पासवर्ड बदला, हेल्प डेस्कला कळवा, संशयित मेल ‘रिपोर्ट फिशिंग’ने पाठवा. पहिल्या तासात आलेल्याचं बरंच काही वाचवता येतं. तिसऱ्या दिवशी आलेल्याच्या नावाने तोवर हजारभर लोकांना मेल गेलेले असतात.

## ८. लॅपटॉपमधलं टोरेंट निघण्याआधी काढा

कॅम्पसच्या नेटवर्कवर तुम्ही लॉगिन करून येता, म्हणून कुठल्या मिनिटाला कोणता पत्ता कोणाकडे होता याची नोंद राहते. चित्रपट कंपन्यांची माणसं टोरेंटवर नजर ठेवून विद्यापीठाला नोटीस पाठवतात, आणि २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार अशा देवाणघेवाणीविरुद्ध विद्यापीठाला ठोस योजना राबवावी लागते. पहिल्यांदा बहुधा इंटरनेट बंद आणि समज, पुन्हा झालं तर शिस्तपालन समिती.

‘मी इथे काहीच उतरवलं नाही’ असं शपथेवर सांगणारा एक मुलगा होता, आणि तो खरं बोलत होता. सिनेमा त्याने घरी उतरवलेला. पण लॅपटॉप सुरू केला की टोरेंट आपोआप चालू व्हायचं आणि तीच फाइल जगाला वाटत बसायचं.

क्रॅक केलेलं मॅटलॅब, ऑफिस, विंडोजही काढा. मालवेअर बहुतेक तिथूनच शिरतो, आणि तीच सॉफ्टवेअर विद्यापीठाकडून फुकट किंवा नाममात्र दरात मिळतात. आयटीच्या पानावर ‘वेबस्टोअर’ किंवा ‘सॉफ्टवेअर’ शोधा.

## ९. इशाऱ्यांसाठी अमेरिकन नंबर नोंदवा

अमेरिकन सिम मिळालं की त्याच दिवशी पोर्टलवर आपत्कालीन एसएमएससाठी नंबर द्या. कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती विद्यापीठांनी जाहीर करावी असं सांगणारा क्लेरी कायदा १९९० चा. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये गोळीबारात ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनी होती. पहिल्या गोळीबारानंतर मेल जायला दोन तास लागले होते. पुढच्याच वर्षी तातडीच्या इशाऱ्याचा नियम क्लेरी कायद्यात घातला गेला. भारतीय नंबर नोंदवून हे एसएमएस वेळेवर येतील या भरवशावर राहू नका.

मिडवेस्टात टॉर्नेडोच्या, म्हणजे जमिनीवरच्या भोवऱ्यासारख्या वादळाच्या, इशाऱ्याचे भोंगे असतात. इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० ला त्यांची चाचणी होते. हे मला ठाऊक नव्हतं, मी पासपोर्ट घेऊन तळघरात जाऊन बसले होते. ‘वॉच’ म्हणजे वादळ होऊ शकतं, ‘वॉर्निंग’ म्हणजे दिसलंय, आता खाली जा.

## १०. सुट्टीत घरी आणि शेवटी कायमचं

डिसेंबरात घरी येताना विद्यापीठाचं व्हीपीएन लॅपटॉपवर बसवून, एकदा चालवून मग निघा. लायब्ररीतले शोधनिबंध आणि लॅबचे सर्व्हर त्याशिवाय उघडत नाहीत. ड्युओचा फोन सामानात टाकू नका, हातात ठेवा.

पदवी मिळाली की खातं किती दिवस चालतं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. साठवण तर आता तोकडीच. गुगलने विद्यापीठांना दिलेली अमर्याद जागा २०२२ पासून बंद केली. लिंक्डइन, गिटहब, बँक, विमा, घरमालक, जिथे जिथे विद्यापीठाचा मेल दिलाय त्यांची यादी शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीला वहीत काढा आणि एकेक बदला. ओपीटीचा (पदवीनंतर अमेरिकेत काही काळ काम करण्याच्या परवानगीचा) अर्ज करणार असाल तर इंटरनॅशनल ऑफिसला खाजगी ईमेल द्या, कारण नोकरीची नोंद करण्याच्या सरकारी पोर्टलची लिंक त्याच मेलवर येते. फोटो आणि प्रोजेक्ट उतरवून घ्यायला गुगल टेकआउट आहे. फाइल मोठी असेल तर ती तयार व्हायला कधीकधी दिवस लागतात, तेव्हा पदवीदानाच्या झग्याचं माप द्याल त्याच आठवड्यात ती लावून टाका.